‘कोणीही घ्यावे’ असे मीच लिहिले होते

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. लोणखेड्याला शिकलो, आता शहाद्यात एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी करतो. मला जे थोडेफार येते ते मुक्त सॉफ्टवेअरमुळे. ज्यांना मी कधी पाहिले नाही, ज्यांची भाषाही मला येत नाही, अशा माणसांनी आपले काम उघडे ठेवले आणि माझ्यासारख्याने ते फुकट उघडून आत कसे जुळवले आहे ते बघून शिकून घेतले. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून जेव्हा मी शेतकऱ्यांसाठी इंटरनेटवर प्रश्नोत्तरांचा एक मंच तयार केला, तेव्हा त्याच्या शेवटी मीही लिहिले : ‘हे कोणीही घ्यावे, बदलावे, वापरावे.’ लिहिताना डोळ्यांत पाणी आले होते, हे कबूल करतो.

मंच आमच्या घरातच चालतो. कॉलेजने भंगारात काढलेला एक संगणक मी मागून घेतला, तो माळ्यावर इन्व्हर्टरशेजारी ठेवला. लाईट फार वेळ गेली की मंचही झोपतो. तरीही मला तो मोठ्या कंपन्यांच्या फोनवरच्या ग्रुपपेक्षा बरा वाटतो. ग्रुपवर पपईचा प्रश्न फुलांच्या आणि सुप्रभातच्या चित्रांखाली गाडला जातो. आमच्याकडे मागच्या हंगामातला प्रश्न आजही सापडतो.

एक नियम मात्र मी केला होता. प्रत्येक प्रश्न आधी माझ्याकडे येणार, मी तो वाचून, नीटनेटका करून मग मंचावर सोडणार. शाळेत गुरुजींनी आमच्या वह्या अशाच तपासल्या होत्या. मला वाटायचे, आपण लोकांची सेवा करतो आहोत. कधी परीक्षेची ड्युटी असली की प्रश्न चार-चार दिवस तसेच पडून राहायचे.

मग धडगावहून फोन आला. कॉलेजात माझ्यामागे शिकलेली एक मुलगी तिकडे शिक्षिका आहे. म्हणाली, “दादा, तुमचा मंच मी उचललाय हं. आमच्या डोंगरातल्या लोकांसाठी.”

“उचल ना,” मी म्हणालो, “त्यासाठीच ठेवलाय.”

फोन ठेवेपर्यंत मी खरोखर खूश होतो.

महिन्याभराने तिचा मंच उघडला. तिने एक बटण जोडले होते. दाबा आणि बोला. लिहायचे कामच नाही. मंजुरीही नाही. माणसे पावरीत बोलत होती, भिलीत बोलत होती. कोणी चारोळीचा भाव विचारत होते, कोणी बकरीच्या दुखऱ्या पायाला काय लावावे ते. मागे कोंबडे आरवत होते, जीपचा हॉर्न वाजत होता. माझ्या मंचावर आठवड्याला दोन प्रश्न, तेही मी इस्त्री केलेले. तिथे सकाळपासून नुसता बाजार भरलेला.

मी रोज बघू लागलो. चुका शोधल्या. सापडल्या की बरे वाटायचे. तिने माझे श्रेय खाल्ले असेल म्हणून पानाच्या तळाशी गेलो, तर तिथे लिहिलेले : ‘मूळ रचना शहाद्याच्या दादांची. त्यांचे आभार.’ रागवायलाही जागा ठेवली नव्हती तिने.

बायकोच्या लक्षात आले. “तुम्हीच लिखेल शे ना, कोनीबी ल्या म्हनीसन? तिनी लिधं. आते का बरं तोंड पाडी बठनात?”

त्यातच धडगावच्या शिक्षिकेने ते बोलायचे बटण मला पाठवले. आम्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत ही रीतच आहे. ज्याचे घेतले त्याला आपली सुधारणा द्यायची, त्याने ती पसंत पडली तर जोडून घ्यायची. सोबत लिहिले होते, “दादा, तुमच्याकडेही चालेल, बघा.” मी उत्तर दिले, “तपासतो.” तपासायचे काही नव्हते. काम स्वच्छ होते. पण ते जोडले तर माझी मंजुरी संपणार. बोललेले मी कसे नीटनेटके करणार? मग माझ्या मंचावर माझे असे काय उरणार? तीन आठवडे मी ते तसेच ठेवले.

एका दुपारी सवयीने तिचा मंच उघडला. नवा आवाज होता. “मन्ही पपईना पाने आकसी ऱ्हायनात. काय मारू?” त्यापाठोपाठ खोकला.

तो खोकला मी जन्मापासून ऐकतो आहे. ते माझे वडील होते.

खाली उत्तरही आले होते, अहिराणीत, कोणा अनोळखी माणसाचे : फवारणी राहू द्या, रोगट झाडे आधी उपटा.

संध्याकाळी वडील शेतातून आले. बियाण्याच्या दुकानात कोणीतरी त्यांच्या फोनवर ते लावून दिले होते. मी विचारले, “आप्पा, घरमां मन्हा मंच शे ना?”

“तुन्हामां लिखनं पडस,” ते पाय धूत म्हणाले. “तठे बोली दिधं का झायं.”

“माले सांगतात. मी लिखी देतू.”

“तू देतू, पन चार दिननी.” मग हसले. “आनि माले लिखता येतं, तर तुले कसाले शिकाडतू मी?”

त्यांना ते टोचून बोलायचे नव्हते. मला मात्र जेवण गेले नाही. ज्यांच्या कष्टावर मी अक्षर शिकलो, त्या माणसाला माझ्या दारात अक्षराचीच अट होती, आणि ती मीच घातली होती.

त्याच संध्याकाळी माळ्यावर चढून मी तिचे बटण जोडले आणि मंजुरीचा नियम काढून टाकला. तिला कळवले. तिने नुसते हात जोडल्याचे चित्र पाठवले.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी माझ्या मंचावर पहिल्यांदा बोलून विचारले, रोगट पपई उपटून रिकाम्या झालेल्या जागेत काय लावावे. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात एक आवाज येऊन गेला. धडगावची शिक्षिका. छान, मुद्देसूद उत्तर होते, आणि शेवटी ‘आप्पा’ अशी हाकही.

वडिलांनी ते तीनदा ऐकले. “हुशार शे पोर,” म्हणाले.

मी “हो” म्हणालो. खरेच आहे ते. पण माझे उत्तर आधी यायला हवे होते.