आमच्या वेबसाईटी आणि वसंतमामांची अट

श्रीकांत आणि मी अजूनही महिन्या-दोन महिन्यांतून भेटतो. भेटायचं कारण दरवेळी कामाचं असतं आणि काम दरवेळी राहून जातं. एकाने किस्सा काढायचा, दुसऱ्याने "तो नाही, त्याच्या आधीचा सांग!" म्हणायचं, की दोन तास गेलेच. एका वर्षाच्या धंद्यात एवढे किस्से जमतात यावर माझ्या नवऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवू.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. श्रीकांतने साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडली, पुण्यात जाऊन वेबसाईट बनवायला शिकला आणि सांगलीच्या गावभागात एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून बसला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून वेबसाईटवरचं लिखाण माझ्याकडे. 'कन्टेन्ट' हा शब्द अजून कृष्णाकाठी पोचला नव्हता. आम्ही छापखान्यातल्यासारखं त्याला 'मॅटर' म्हणायचो. मॅटर इंग्रजीत असायचं, त्यावरची भांडणं मराठीत!

गाळा श्रीकांतच्या मामांचा. वसंतमामांनी भाचा म्हणून जागा दिली, पण अट घालून. "तुम्ही केलेली एखादी साईट बघून त्या दुकानाला परगावचं एक गिऱ्हाईक येऊ दे. एकच! दिवाळीच्या पाडव्यापर्यंत न्हाई आलं, तर हितं झेरॉक्सचं मशीन बसतंय."

श्रीकांत वरवर हसला, पण मला माहीत होतं. नोकरी सोडली म्हणून वडील त्याच्याशी धड बोलत नव्हते. गाळा गेला असता तर त्याला घरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

तेव्हापासून मामा रोज सकाळी दहाला दारात उभे. चप्पलही काढायचे नाहीत. "आलं का?" एवढंच विचारायचे आणि निघून जायचे.

*

आमचे पहिले गिऱ्हाईक साताऱ्याचे एक कंदी पेढेवाले काका. मॅटर वाचलं, पसंत पडलं. मग म्हणाले, "एक करा. सोमवारी साईट बंद ठेवा."

"काका, वेबसाईट बंद नसते ठेवायची."

"सोमवार आमचा सुट्टीचा वार. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. शॉप ॲक्टचा इन्स्पेक्टर आला तर त्याच्यापुढं तुम्ही उभ्या राहणार का?"

श्रीकांतने तासभर इंटरनेट समजावलं. काकांनी तासभर शॉप ॲक्ट समजावला. काका जिंकले! दर सोमवारी सकाळी मी पेढ्यांचं पान काढून 'आज दुकान बंद आहे' हे पान चढवायचे आणि मंगळवारी उतरवायचे. दुकानाला सुट्टी मिळाली, माझी सोमवारची सुट्टी गेली.

एका सोमवारी मला ताप होता. मंगळवारी सकाळी काकांचा फोन. "काल दिवसभर उघडंच होतं! कुणी येऊन गेलं असतं म्हणजे?"

"अहो काका, कुणी यावं म्हणूनच तर साईट केली ना?"

"सोमवारी नाही!"

तेवढ्यात दारात मामा. "आलं का?"

श्रीकांत म्हणाला, "आलं असतं मामा, पण सोमवार होता."

*

कराडला एक पंप बनवणारे गृहस्थ होते. त्यांच्यासाठी मी मोठ्या मेहनतीने दोन पानं लिहिली. 'अग्रगण्य', 'विश्वसनीय', 'उत्कृष्ट दर्जा' असं सगळं इंग्रजीतून ठासून भरलं. श्रीकांतने त्यांना अर्थ सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "हे माझ्याबद्दल हाय व्हय?"

मी जराशी चिडलेच. म्हटलं, "बरं, दुकानात गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय सांगता?"

"काय बी न्हाई. पंप टाकीत सोडतो, बटण दाबतो आणि चहा मागवतो. चहा येस्तवर टाकी रिकामी."

मी दोन पानं फाडली आणि हेच चार ओळींत लिहिलं. वर्षभरात मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं मॅटर ते, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, तेवढं चहाचं काढा. परगावची लोकं चहा प्यायलाच येत्याल."

मामा नेमके गाळ्यात होते. त्यांनी माझ्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला. "आवं येऊ द्यात की! चहा ऱ्हाऊ दे म्हणतो मी!"

*

त्या काळात साईटवर किती जणांनी डोकावलं ते दाखवणारा आकडा तळाशी असायचा. काउंटर म्हणायचे त्याला. रहिमतपूरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना बाकी साईटपेक्षा तो आकडाच जास्त आवडला.

एक दिवस फोन. "ताई, साडेतीनशे झालंय. बरं न्हाई दिसत."

"का हो? चांगलेच आहेत की!"

"आमचं मंगल कार्यालय हाय. शून्यावर आकडा थांबवत्यात का कुठं? आहेर कसा देता तुमी? एक रुपया वर घालताच न्हवं? मग एक वाढवा."

मी मोडेम लावला, तो किरकिरला, साईट उघडली. तीनशे एक्कावन्न. त्यांचा पुन्हा फोन, "आता शोभतंय!"

पुढे सवयच झाली. चारशे झाले की फोन, साडेचारशे झाले की फोन. मामांनी एकदा विचारलं, "ह्यातली परगावची किती?" आम्ही हिशेब केला. मालक रोज कोरेगावच्या सायबर कॅफेत जाऊन स्वतः साईट बघायचे आणि सोबत पाहुण्यांना न्यायचे. उरलेली मी. मामा चप्पल वाजवत निघून गेले. पाडव्याला महिना राहिला होता आणि श्रीकांतचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं.

*

मिरजेच्या सतार बनवणाऱ्या चाचांचा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाचांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. तरी म्हणाले, "बेटी, वाचून दाखव."

मी वाचलं. हातातल्या भोपळ्यावरून कानस फिरवत ते ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "सगळं बरं आहे. तिसऱ्या ओळीत काहीतरी खटकतंय."

मी पाहिलं. दुसऱ्या एका साईटवरून उचललेली ओळ होती ती. चाचांच्या हातच्या सतारीला मी 'आधुनिक यंत्रांवर तयार केलेली' म्हटलं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ खोडून पुन्हा वाचलं.

"आता तार लागली," चाचा म्हणाले.

*

आणि तासगाव! तिथल्या तेवीस बेदाणावाल्यांनी मिळून एक साईट करायला दिली. मी म्हटलं, वर बेदाण्याचा सुंदर फोटो टाकू, खाली माहिती. ते म्हणाले, "आदी आमचे फोटो."

"सगळ्यांचे?"

"मग कुणाला वगळता? मान हाय ज्याचा त्याचा. वयानं थोरला सगळ्यात वर."

मी भांडले. लग्नपत्रिका नाही ही, म्हटलं. परगावच्या माणसाला बेदाणा बघायचाय, तुम्हाला नाही. शेवटी तेवीसच्या तेवीस फोटो एकाखाली एक लागले, नावागावासकट, आणि त्यांच्याही खाली वाटीभर बेदाणा. डायल-अपवर बेदाण्यापर्यंत पोचायला निम्मा तास लागायचा!

त्यात सोपानअण्णांच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले. फोटोग्राफरने ऐन वेळी घोळ केला होता. अण्णा दर आठवड्याला एसटीने सांगलीला यायचे. "आंदळा केलासा मला साऱ्या जगात! बदला की रं त्यो फोटो!" श्रीकांत दर वेळी 'उद्या' म्हणायचा.

पाडव्याला तीन दिवस उरले. मामा झेरॉक्स मशीनची माहितीपत्रकं घेऊन गाळ्यातच बसलेले. आणि दारात एक अनोळखी गृहस्थ, हातात कागदांची चळत. इंदूरचे सुक्या मेव्याचे व्यापारी! साईटच्या तळाशी आमचा पत्ता होता, म्हणून आधी आमच्याकडे आलेले. कागदांवर आमचे तेवीसही जण छापलेले.

मामा उभे राहिले. त्यांनी पहिल्यांदाच आमच्या गाळ्यात चप्पल काढली.

आम्ही सगळेच तासगावला गेलो. फोन आधी गेला होता, त्यामुळे तेवीस जण साईटवर होते त्याच क्रमाने ओळीने उभे. व्यापारी कागद आणि चेहरे ताडून बघत पुढे सरकत होते. थोरल्यांना नमस्कार केला, पुढे गेले. चौदाव्या नंबरला थांबले.

"पहले इनका माल देखूँगा."

सोपानअण्णा! अण्णांनी मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"आमचा बी बघा की शेठ, शेजारचाच मळा हाय," थोरले म्हणाले. "त्यांचाच का पर?"

व्यापाऱ्यांनी अण्णांचा मिटल्या डोळ्यांचा फोटो पुन्हा एकदा बघितला, हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "बस, इनका."

अण्णांचा सगळा माल तिथल्या तिथे ठरला. परतीच्या एसटीत श्रीकांत खिडकीकडे तोंड करून बसला होता. रडत होता की हसत होता, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला, तर तासगावची माणसं पायरीवर. बावीस जण, प्रत्येकाच्या हातात स्टुडिओतून नवा काढलेला फोटो. "ताई, आमचं बी बदला."

मी एकेक फोटो टेबलावर मांडत गेले. बावीसच्या बावीस जणांनी डोळे मिटलेले!

सगळ्यात खाली आणखी एक पाकीट होतं. त्यावर मामांच्या अक्षरात लिहिलेलं, 'जागेचे मालक. तुमच्या स्वतःच्या साईटवर लावणे.' मी आतला फोटो काढला. मामांनी डोळे इतके घट्ट मिटले होते, की कपाळाला आठ्या पडल्या होत्या.