तुरीचा दाणा कोणाच्या घरावर

आमच्या मोहल्ल्यात कोणी काही विचाराले आलं का मले आधी धाकधूक होते, मंग राग येते. दंग्यातल्या दगडफेकीनंतर पोलिसाइनं विचारलं, पुढाऱ्याइनं विचारलं, टीव्हीवाल्याइनं विचारलं. भोगलं आम्हीच. म्हणून गावातल्याच दोन पोट्ट्या ‘गावानंच गावाचा अभ्यास कराचा’ म्हणत आल्या, तवा मी तोंडावरच विचारलं, बाई, तुमाले पाठवलं कोणं?

त्याइनं शाळेच्या पटांगणात रांगोळीनं अख्खा मोहल्ला काढला. माह्यं घर, समोरच्या भाभीचं घर, तिच्या नवऱ्याचं गॅरेज, सगळं. हरेक बाईच्या हातात तुरीचा एक दाणा. संकटात ज्याच्या दारी जाल, त्याच्या घरावर ठेवाचा. मी म्हटलं, पयले ते मोबाईल पिशवीत टाका. टाकले बिचाऱ्याइनं. तरी माही नजर पिशवीवरून हटे ना.

बायाबी पक्क्या. ज्यानं त्या दिवशी दाराले कुलूप ठोकलं अन् यवतमाळले पळाला, त्या डॉक्टरच्या घरावर दाण्याचा ढीग! खरं कोणीच सांगून नाही राह्यलं.

मंग भाभी उठली. दगडफेकीच्या दिवशी तिची दोन्ही लेकरं माह्या मागच्या खोलीत होती. माहे जेठ, नवऱ्याचे मोठे भाऊ, भिंतीपलीकडेच राहतात, अन् त्या दिवशी घोळक्यात सगळ्याच्या पुढं तेच होते. लेकरं माह्याकडं होती, याचा जेठाइले आजवर पत्ता नाही.

भाभीनं माह्या घराकडं पाह्यलंबी नाही. दाणा डॉक्टरच्या घरावर ठेवला अन् बसली. मले असं झोंबलं म्हणता! हिचा माह्यावरचा भरोसा उडाला का? का माह्याबद्दल कोणी हिचे कान भरले?

ती नळावर पाणी प्याले गेली, तिथंच तिले गाठलं. "भाभी, माह्यं घर नाही दिसलं काय तुमाले?"

तिनं इकडंतिकडं पाह्यलं. "दिसलं ना. पण सगळ्याइले दाखवून देलं, अन् उद्या पुन्हा तसंच झालं, तं पोरं कुठी ठेवू?"

राग कुठच्या कुठं गेला. भीतीच वाटली मले. पुन्हा होईल, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

मी परत आली तं माही पाळी. जेठ शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राह्यलते. मीबी दाणा डॉक्टरच्या घरावर ठेवला.

त्यातल्या एका पोट्टीचं तोंड उतरलं. म्हणाली, "काकू, तुमच्या मोहल्ल्यात तं कोणाचं कोणाशी काहीच नाही."

"हो बाई," मी म्हटलं. "तसंच समज."