बंगालातल्या चांगल्या सासवा

हे मी कोणाजवळच बोलली नाही. भावाजवळ नाही, देवाजवळही नाही — देवापुढं हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसते. आज तुले सांगते. तू फक्त ऐक.

माझी आई चौथी शिकलेली, लग्न होऊन नागपूरकडून रायपूरले आलेली, जिभेची तिखट. बाबा गेल्यावर भनपुरीच्या घरात आई, मी अन् धाकटा भाऊ, एवढेच राहिलो. माझं लग्न झालं नाही. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावते. दुपारी दवाखाना बंद असते, म्हणून त्या वेळात मी घरी असते. हे लक्षात ठेव — सगळं दुपारचंच आहे.

भावानं बंगाली पोट्टीशी लग्न केलं. मौमिता. आई महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. मग एका दुपारी मौमितानं टीव्हीवर जुना बंगाली पिच्चर लावला, अन् आई दारात उभी राहून विचारते, "काय म्हणून राहिली गं ती बाई?" झालं. तेव्हापासून रोज दोघी चटईवर, मधात मुरमुऱ्याची परात. वरून मोहरीचं कच्चं तेल, ज्याच्या वासानं आई आधी नाक दाबायची. मौमिता एकेक वाक्य तिच्या मोडक्या मराठी-हिंदीत सांगायची.

पिच्चर सगळे सासू-सुनेचे. "आई, सास बोलती है, बेटी तू थकली, बैस, भात मी उतरवते." आई पदरानं डोळे पुसायची. म्हणायची, बंगालात सासवा किती चांगल्या असतात.

एकदा मी मागं उभी होती. खाली बारीक इंग्रजी अक्षरं येत होती — आईले ती दिसतही नव्हती अन् वाचताही येत नव्हती. मी वाचली. पडद्यावरची सासू म्हणत होती, निघ माझ्या रसोईतून, अवदसे. अन् इकडे मौमिता सांगून राहिली होती, सासू म्हणते तुझ्या हाताले चव आहे. मले हसू आलं. पोट्टीनं किती खाष्ट सासवा अशा सुधरवल्या असतील? खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

पण मग आई तशी वागायले लागली. त्या सासवांसारखी. एक दिवस मी उन्हातून घरी आली, तर आई मौमिताले म्हणत होती, "थकली असशील, बैस, भात मी उतरवते." मी चप्पल काढत होती. वीस वर्षं मी त्या दवाखान्यातून त्याच उन्हातून येऊन राहिली — मले कधी म्हटलं तिनं, बैस? एकदा तरी?

जळली मी. दुसरा शब्द नाही त्याले.

मौमिता माहेरी गेली तेव्हा मी तोच पिच्चर लावला, आईले शेजारी बसवलं अन् अक्षरांवर बोट ठेवून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. अवदसे. पांढऱ्या पायाची. इथवर सगळं खरंच होतं न? खऱ्यानं माझं पोट भरलं नाही. मी म्हटलं, "फोनवर तिच्या मायले सांगून हसते ती. म्हणते, बुढीले काही बी सांगा, डोळे पुसते."

आईनं विचारलं, "तुले बंगाली समजते?"

"दवाखान्यात अर्धे पेशंट बंगाली. समजते."

मले एक अक्षर समजत नाही.

आईचा स्वभाव मले पाठ होता. अपमान झाला की ती तोंड शिवून घ्यायची. मौमिताले काही विचारणार नाही, हे माहीत होतं, म्हणून तर बोलली मी. माहेरून आल्यावर मौमितानं दोनदा टीव्ही लावला. आई म्हणाली, डोळे दुखतात. परात फळीवर गेली. पोट्टी माझ्याच खांद्यावर रडायची — "दीदी, मैंने क्या किया?" — अन् मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. मले बरं वाटायचं. वर्षाच्या आत भावानं कोरब्याले बदली मागून घेतली.

थांब. तू समजून राहिली असशील, हेच ते. नाही.

गेल्या हिवाळ्यात आई पडली ते उठलीच नाही. भावाले फोनवर मी सांगत होती, बरी आहे, घाई करू नको. एका दुपारी आई म्हणाली, "मौमिताले बोलाव. हसली तर हसली. तिच्या तोंडून एकदा पिच्चर ऐकू दे."

मी फोन घेऊन गॅलरीत गेली. कोणालेच लावला नाही. कानाशी धरून उभी राहिली, आईले ऐकू जाईल असं दोनदा "हव, हव" म्हटलं अन् आत आली. म्हटलं, ती म्हणते वेळ नाही.

आईनं भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी गेली.

मौमिता कोरब्याहून आली ती आईच्या पायाशी बसली. खूप रडली. मग नाक पुसून माझ्याकडे पाहिलं अन् हळूच विचारलं, "दीदी, आई ने मुझे याद किया था?"

विचार करायले मले वेळ होता. ती वाट पाहत होती.

मी म्हटलं, "एकदाही नाही."