चार ड्रॅगनांची पाटी

माझ्या मोठ्या दिरांना गप्प बसलेलं लालबागमध्ये कोणी पाहिलेलं नव्हतं. आम्ही त्यांना भावजी म्हणायचो. दाढी करतानाही बोलायचे, त्यामुळे हनुवटीला कायम कापलेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांनी त्यांना धरलं, तर गाडीत ते इतके बोलले की हवालदारानं भायखळ्यालाच उतरवलं. "घरी जा काका, माझं डोकं उठलं," म्हणाला.

ते माझगावच्या गोदीत सुतार होते. शेजारच्या बाकावर एक चिनी सुतार होता, दिवसाला चार शब्द बोलणारा. भावजींनी त्याला सांगितलं, मला शोभेल अशी दाराची पाटी तुझ्या लिपीत करून दे. त्यानं महिनाभर जेवणाच्या सुट्टीत सागाच्या फळीवर एकच अक्षर कोरलं. गुंत्यासारखे चार सारखे आकार, दोन वर, दोन खाली. हे काय, विचारल्यावर म्हणाला, "चार ड्रॅगन." म्हणजे त्यांच्याकडचे उडते नाग. भावजींना तेवढं पुरलं. मुंबई, कोकण, विदर्भ, मराठवाडा असे चार ड्रॅगन एकत्र आले, असं त्यांनी चाळभर सांगितलं. देशावरच्या शेजाऱ्यानं विचारलं, "आणि आमचा?" तर म्हणाले, "तुमची फळी." मंडळाच्या सभेच्या पत्रकावरही ते अक्षर छापून घेतलं. रविवारच्या त्या सभेत भावजींचं भाषण होतं.

माझी दाढ दुखत होती. त्या पत्रकात लवंगा बांधून मी चिनी दातवाल्याकडे गेले. तो पत्रक बघून हसायलाच लागला. "बाई, ये अक्षर सैकडों साल से कोई लिखता नहीं. मोटी किताब में सोता है. चौसठ लकीर. मतलब, जो बोलताच रहता है."

मला पोटात ठेवता येत नाही. घरी येऊन सांगून टाकलं. भावजींनी पाटी उतरवली आणि गप्प झाले. चार दिवस. रविवारी दुसरा माणूस उभा करा, एवढं मंडळाला कळवलं. सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली.

शनिवारी ते पाटी परत करायला गोदीत घेऊन गेले. चिन्यानं रंधा थांबवला नाही. म्हणाला, "बराबर लिखा है. पाच साल तू बोला. मैंने बाक बदला क्या?"

भावजी घरी आले, तोंडात खिळे धरून बोलत बोलत पाटी पुन्हा ठोकली. रविवारी इतके बोलले की अध्यक्षांना भाषणच करता आलं नाही.

पुढे चिनी सुतार मुंबई सोडून गेला. मग भावजीही वारले. पाटी माझ्याकडे आहे. मला बडबड खपत नाही, तेव्हाही खपत नव्हती. तरी दर आठवड्याला ती पुसते. चौसष्ट रेघा पुसायला वेळ लागतो, तो लागू देते.