पाळण्यातला हाय

भावाला अमेरिकेत मुलगी झाली आणि आईचा व्हिसा नाकारला, त्या वर्षीची गोष्ट. आई विहारातल्या बायकांसाठी गाणी रचायची. लिहायला यायचं नाही, सगळं तोंडपाठ. "मी न्हाय तर माझा पाळणा जाईल की बारशाला," ती म्हणाली. पाळणा रविवारच्या आत पोचायला हवा होता.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, प्रबंध, हँडबिलं, सगळं मराठीत. त्यासाठी एक महागडं सॉफ्टवेअर घेतलेलं. त्याचं एक कुलूप कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचायचं, ते नसेल तर स्वतःच टाइप केलेलं स्वतःला उघडता येत नसे. नुकतंच वेबपेज बनवायला शिकले होते, म्हणून म्हटलं, पाळणा थेट इंटरनेटवर टाकू. आई उचगावहून बस धरून आली, सांगत गेली, मी टाइप करत गेले. मग पेज बनवणाऱ्या प्रोग्रामात ओतलं, बटण दाबलं आणि दोघी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. "अक्का, ही कुठली भाषा?"

त्याच्याकडं पाळणा नव्हताच. टोपी घातलेला ए, मध्येच पौंडाचं चिन्ह, मग नुसते चौकोन! फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता, आणि पाठवायचा तर तोही त्या कुलपाला बांधलेला. कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, त्यांनाही सॉफ्टवेअरची एक प्रत घ्यावी लागेल."

"अहो, पाळणा वाचायचाय त्याला, प्रेस काढायची न्हाय!" मी ओरडले. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकं आत घालून बघितलं.

मग म्हटलं, बघू तरी पेजच्या पोटात काय भरलंय. उघडलं आणि आईशप्पथ, माझे डोळेच फिरले. सगळा मिळून आठ ओळींचा पाळणा, आणि कोड खाली खाली जातोय, संपतच नाही! 'नाकाचा' या एका शब्दात प्रत्येक अक्षराला वेगळा फॉन्ट, वेगळा आकार, वेगळा रंग, आणि रंग सगळीकडं काळाच. एवढ्याशा बाळाला सात झबली घालावीत तसं. मी यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. हे सगळं त्या यंत्रानं माझ्या नावावर लिहून ठेवलं होतं.

शेवटी ठरवलं, भावाला फोनवरच सांगू, त्यानं लिहून घ्यावं. आई पुन्हा दुकानात आली होती; मराठीची प्रिंट काढली आणि आधी तिला वाचून दाखवायला लागले.

"नाकाचा शेंडा बापावाणी आहे, रडका सूर माझ्यावाणी नाही..."

आईनं हात वर केला. "थांब. ही कोण बाई गातीया? बँकेतली?"

मी कागदाकडं बघतच राहिले. 'हाय' कुठंच नव्हतं. 'न्हाय' नव्हतं. 'थेंब बी'चं 'थेंब ही' झालं होतं. मी हाय टाइप केलं होतं, माझ्या बोटांना ठाऊक होतं की! पुन्हा टाइप केलं, सेव्ह केलं, उघडलं. 'हाय'चं पुन्हा 'आहे'! सॉफ्टवेअर आमचं शुद्धलेखन सुधारत होतं, न विचारता, न सांगता. इतकी वर्षं कुणाकुणाच्या पत्रिकेत यानं काय काय बदललं असेल?

"ह्यो पाळणा माझा न्हाय," आई म्हणाली आणि पदर सावरून उठली. तिचा चेहरा बघून मला रडूच फुटलं.

"बस खाली," म्हटलं. कॉम्प्युटर बंद केला, कोरा कागद घेतला आणि ती म्हणेल तसं पेननं लिहिलं.

*गगनबावड्याला पाऊस हाय,*
*पाळण्यात तुझ्या थेंब बी न्हाय.*

कागद स्कॅन केला. जुनं पेज पुसलं, कोडची एकच ओळ हातानं लिहिली: इथं हे चित्र दाखव. चित्राचं शुद्धलेखन करायची कुणाची छाती नव्हती. रविवारी भावानं तो पाळणा म्हटला, आणि आईनं फोन कानाला लावून ऐकला.

नात आजीला भेटली नाही. ती पहिल्यांदा कोल्हापूरला आली तेव्हा दहा वर्षांची होती, आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. रविवारच्या वर्गात मराठी अक्षरं शिकलेली. येताना ते चित्र छापून आणलं होतं. माझ्या शेजारी बसून बोट ठेवत तिनं सगळं वाचलं.

"आत्ती," ती हात हलवत म्हणाली, "आजी मला सारखं 'हाय! हाय!' करतेय ना?"

हाय म्हणजे आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

"व्हय की," मी म्हटलं. "तुलाच करतीया."