जफरभाईंचं पाखरांचं पुस्तक

जफरभाईंबद्दल सांगायचं म्हणजे आधी मला स्वतःचे कान धरावे लागतात. मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, आणि माझा राग अख्ख्या दारव्ह्याला ठाऊक आहे. वाचनालयाच्या पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तर भर बाजारात मी त्याचा उद्धार करतो, आणि त्याची मला काही लाज वाटत नाही. पण जफरभाईंच्या बाबतीत जे झालं ते माझ्या कंटाळ्यानं झालं. त्याची वाटते.

जफरभाई आमच्या वाचनालयाचे जिल्दसाज. नवं पुस्तक आलं की त्याला कापडी पाठ चढवायची, जुनं उसवलं की शिवायचं, हे काम वीस वर्षं त्यांच्याकडे. बाजाराच्या टोकाला टिनाखाली दुकान. दुकानात पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, चिकटवायच्या लेईचं भगुणं आणि मोठाल्या सुया. धंदा लग्नपत्रिकांचा, वह्यांचा, कोर्टाच्या कागदांचाही चाले, पण ते सगळं 'गिऱ्हाईक'. वाचनालय मात्र 'आपली लायब्ररी'. आमची पुस्तकं शिवताना ते दोरा दुहेरी घालत आणि विचारलं तर हसत.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सायकलवरून गावाबाहेरच्या तलावावर जायचे. पाखरं पाहायला! त्यांच्या बायको जैबुनबी म्हणायच्या, "यायचं अर्धं लगन माह्यासंगं झालं, अर्धं थ्या तलावासंगं." लहानपणी मामासोबत लावे धरायला रानात जात; पुढे धरणं सुटलं, पाहणं राहिलं.

एकसष्ट साली जिल्ह्याकडून आम्हाला पुस्तकं घ्यायला मदत मिळाली. जफरभाई माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"भगवानराव, एक पाखराईचं पुस्तक मंगवा ना."

"कायले? तुम्हाला तर सगळी पाखरं तोंडपाठ."

"मले येते हो. पन मी मेल्यावर लोकाईनं कोनाले इचाराव?"

असं कुणी बोललं की माझं डोकं चालत नाही. मी नागपूरच्या पुस्तकवाल्याला लिहिलं, आणि मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीनं तीन पुस्तकं पाहायला आली. आवडेल ते ठेवायचं, बाकीची परत करायची.

पहिलं जाडजूड, सोनेरी अक्षरांचं. आमच्या समितीचे अध्यक्ष घनश्यामजी, जिनिंगवाले, त्यांचा जीव लगेच त्याच्यावर जडला. कपाटात शोभलं असतं. जफरभाईंनी ते उघडलं. मजकूर सगळा पुढे, चित्रं सगळी शेवटी. "हे त नवरा दारव्ह्यात अन बायको यवतमाळले," म्हणाले. शिवाय ते उचलून तलावावर न्यायचं तर बैलगाडी लागली असती. दुसरं मराठी, पण चित्र एक नाही. निळकंठाबद्दल लिहिलेलं: 'याचे रंगसौंदर्य अवर्णनीय आहे.' "वर्नन नाई होत त पुस्तक काहून काढलं?" हा प्रश्न मलाही पडला.

तिसरं इंग्रजी होतं, हाताच्या पंजाएवढं. एका पाखराला एक पान: पुढे रंगीत चित्र, मागे माहिती. जफरभाईंनी आधी त्याची शिवण तपासली, मग ते पालथं-उताणं केलं, टेबलावर सपाट उघडं राहतं का पाहिलं. मग म्हणाले, "टिटवी काढा." काढली. "हुदहुद काढा." काढला. होला, खंड्या, तितर, सुगरण. तितराच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "गयाखालची खून बरोबर हाये. यानं पाखरू हातात घेऊन पाह्यलं." तेच ठेवलं.

एक अडचण होती. त्यात सगळा हिंदुस्थान भरलेला. समुद्राची पाखरं, बर्फातली पाखरं, आणि क्रम कुणा पंडिताचा. तलावावर पाखरू दिसलं की पानं उलटता उलटता ते उडून जायचं. जफरभाईंना इंग्रजी येत नव्हतं; म्हणाले, पाठ चढवायला नेतो, पण आधी मला प्रत्येक पाखरू कुठं राहतं तेवढं वाचून दाखवा.

मग रोज दुपारी वाचनालय बंद झालं की ते समोर बसायचे, हातात पेन्सिल. पहिले दोन दिवस मी नीट वाचलं. पुढे मला पित्तच यायला लागलं. भूक लागलेली असायची, आणि दोनशे पानं संपता संपेनात. मी पहिली ओळ पाहायचो आणि म्हणायचो, "हिमालय. पुढं." "समुद्रकिनारा. पुढं." "तिबेट. पुढं." ते पानाच्या कोपऱ्यावर बारीकशी खूण करायचे आणि न चुकता म्हणायचे, "मेहरबानी."

महिन्यानं पुस्तक आलं. हातात घेतलं तर हलकं लागलं. उघडलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी पुस्तक सबंध उसवलं होतं! पानं सुटी करून, प्रत्येकाला कापडाची पट्टी लावून, नव्यानं शिवलेली: आधी गावातली पाखरं, मग वावरातली, मग पाण्यावरची, मग जंगलातली. आणि 'आपल्याकडची नाहीत' अशी साठ पानं नाडीनं बांधून वेगळ्या पुडक्यात.

"अरे देवा! माझ्या रजिस्टरात दोनशे पानं लिहिलीत," मी ओरडलो, "आणि तुम्ही पुस्तक फाडून आणलं?"

"फाडलं नाई, भगवानराव. एकबी पान गेलं नाई."

मी ऐकतोय कशाला? पुस्तक समितीपुढं ठेवीन म्हणालो. ते म्हणाले, "उद्या मीच घेऊन येतो," आणि पुस्तक घरी घेऊन गेले.

समितीत घनश्यामजींना आयतं कोलीत मिळालं. सोनेरी पुस्तक गेल्याचा राग होताच. "सरकारी मदतीच्या पुस्तकाची ही दशा? कोणाला विचारून केलं?"

जफरभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. 'भगवानरावांनी वाचून दिलं' एवढं म्हणाले असते तरी खूप होतं. ते म्हणाले, "कोनाले नाई. माह्याच मनानं केलं. चुकलो."

आणि मी? मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो. ठरलं असं: पुस्तक होतं तसं करून द्यायचं, आणि यापुढे वाचनालयाचं काम त्यांना नाही. बांधणीला पुस्तकं यवतमाळला जातील. जफरभाईंनी पुस्तक आणि पुडकं पिशवीत घातलं. दारापाशी थांबून कपाटांवरून एक नजर फिरवली. वीस वर्षांच्या सगळ्या पाठी त्यांच्याच हातच्या होत्या.

दिवाळी झाली. थंडी पडली, कापूस घरात यायला लागला. एका सकाळी माझ्या दारात सायकलची घंटी वाजली. जफरभाई.

"चाला तलावावर."

"मला वेळ नाही."

"चाला म्हनतो ना!" त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. मुकाट्यानं पायात चपला घातल्या.

तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून त्यांनी बोट दाखवलं. काठाच्या हिरव्या गवतात वीस-पंचवीस मोठी पाखरं चरत होती, बदकापेक्षा थोराड, राखी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, गंध लावल्यासारखे. जफरभाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, अजून पहिल्यासारखं न केलेलं, आणि पुडकं सोडून त्यातलं एक पान माझ्या मांडीवर ठेवलं. तेच पाखरू. तेच दोन पट्टे.

"दरसाल येते हे. लांबून पाहून मी याले मोठं बदक समजत होतो. आज पट्टे दिसले. थांबलं माह्या गावात, अन मीच त्याले भायेर काढलं." त्यांचे डोळे भरले होते. "मोठा गुन्हा झाला माह्याकडून. वाचा बरं, काय लिवलं हाये."

मी पान उलटलं. पहिली ओळ: हा हंस तिबेट आणि लडाखच्या सरोवरांवर घरटी करतो. दुसरी ओळ: हिवाळ्यात खाली मैदानी मुलखात, नद्या आणि तलावांवर मुक्कामाला येतो.

दुसरी ओळ तिथंच होती. मी ती वाचली नव्हती. तोंड कुठं लपवू असं झालं मला. जफरभाईंनी पुडक्यातलं पुढचं पान वर काढलं. मला काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पान माझ्यापुढं ठेवत ते म्हणाले, "बाकीची बी वाचा. टायमाची घाई नाई. शेवटलोक वाचा."

वाचली. साठच्या साठ, पाळीवर बसून, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यातली चौदा पाखरं आमची निघाली.

पानं पुस्तकात ठेवायला मी पुठ्ठा उघडला. पहिल्या कोऱ्या पानावर आणखी एक कोरा कागद चिकटवलेला दिसला. जफरभाई उगाच कुठं कागद डकवणारे नव्हेत.

"हे काय?"

"काई नाई. राहू द्या थे."

मी पान उन्हाला धरलं. आतून त्यांचं मोठं, सावकाश काढलेलं मराठी अक्षर दिसलं: 'हे पुस्तक भगवानरावांनी वाचून दिलं. बांधलं जफरनं.'

समितीच्या आदल्या रात्री त्यांनी माझं नाव झाकलं होतं. मला रडू आवरलं नाही. जफरभाई पाखरांकडे बघत बसले, माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या बैठकीला कुणी काही बोलायच्या आधी मी उभा राहिलो. चिकटवलेला कागद ओल्या फडक्यानं भिजवून सगळ्यांसमोर काढला आणि खालचं मोठ्यानं वाचून दाखवलं. घनश्यामजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही अर्धंच वाचलं?"

"हो," मी म्हणालो. "आणि इथं बसून अर्धंच बोललो. काम काढायचं तर माझं काढा."

माझं काम कुणी काढलं नाही. जफरभाईंचं त्यांना परत मिळालं, आणि पुस्तक त्यांच्याच क्रमानं राहू दिलं. चौदा पानं त्यांनी आत शिवली, दोरा दुहेरी घालून. पहिल्या पानावरचं माझं नाव मात्र मी त्यांना खोडायला सांगितलं. त्यांनी नाही खोडलं.