तपासायचा राहिलेला ब्रेक

बंगळुरातल्या यशवंतपुरात ब्रेकचं काम म्हटलं की लोक व्यंकोजीकडेच जात. त्याचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इथं आलेलं, त्यामुळे मराठीतही निम्मं कन्नड यायचं. गाडी दारात वळतानाच्या नुसत्या आवाजावरून तो पॅड किती झिजलेत ते सांगे.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात सूर्यकांत गाडी घेऊन आला. कारखान्यातल्या नोकरीसाठी तो पुण्याहून आला होता. ब्रेक मारला की पुढून लोखंड घासल्याचा आवाज येई. व्यंकोजीनं चाकं उतरवली. पॅडचा मसाला पार संपून नुसता पत्रा उरला होता. त्यानं नवे पॅड बसवले, पेडल दाबून पाहिलं. पायाखाली ते किंचित खाली गेलं.

"स्वल्प थांबा साहेब, ब्रेकच्या नळीतली हवा काढतो."

"लवकर करा, व्यंकोजीराव. नंदीच्या डोंगरावर जायचंय, बायको घरी तयार होऊन बसलीय."

हवा काढल्यावर पेडल टणक लागलं. खरं तर पाय अर्धा मिनिट तसाच दाबून ठेवायला हवा होता. ब्रेकचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलं असेल तर बाहेर तेलाचा थेंबही सांडत नाही, पण पेडल हळूहळू बसत जातं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवे पॅड बसायला वेळ लागतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि गाडी दिली.

नंदीचा घाट उतरताना गाडी डावीकडे कड्यावर घासत गेली. डावीकडे बसलेली त्याची बायको वासंती जागीच गेली.

अपघातानंतर गाडीच्या तपासणीला आलेल्या सरकारी माणसानं दोनदा पेडल मारलं, ते टणक लागलं. 'ब्रेक ठीक, चूक चालवणाऱ्याची' असं त्यानं लिहून टाकलं.

महिन्याभरानं हे कानावर आलं तसा व्यंकोजी पोलिस ठाण्याच्या आवारात गेला आणि परवानगी काढून त्या गाडीत बसला. पेडल दाबून पाय तसाच ठेवला. ते हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं. तो बराच वेळ उतरलाच नाही.

"कागदावर तुमचं नाव नाही," घरी त्याची बायको रत्नाबाई म्हणाली. "कशाला अंगावर ओढून घेता?"

"माझ्या पायाला तेव्हाच कळलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी तो सूर्यकांतकडे गेला. दाढी वाढलेला, घरात एकटाच असल्यासारखा बसलेला माणूस. व्यंकोजीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो शिव्यांची वाट पाहत होता.

"म्हणजे मी ब्रेक दाबला होता?" सूर्यकांतनं विचारलं. "आता मलाच आठवेनासं झालंय. सगळे म्हणतात, घाबरून दुसरीकडे पाय पडला असेल."

"तुम्ही दाबला होता साहेब. लागला नाही."

सूर्यकांत तोंड झाकून रडला. मग आतल्या बंद दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "हे निधीला सांगा. महिना झाला, माझी पोरगी माझ्याशी बोलत नाही."

निधी कॉलेजात जाणारी. दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच तिनं विचारलं. व्यंकोजीनं होकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याला ओलांडून ती बापाजवळ जाऊन बसली. दोघांपैकी कोणीच त्याला बस म्हणालं नाही.

तिथून तो थेट ठाण्यात गेला आणि लेखी जबाब दिला. बातमी पसरायला आठवडाही लागला नाही. गिऱ्हाइकं तुटली, उन्हाळ्याआधी गॅरेज बंद पडलं. त्याच्यावरचा खटला तीन वर्षं चालला. पुढं तो एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. कुणी ओळखून गाडीचं काही विचारलंच तर म्हणे, "ते काम मी सोडलं अण्णा," आणि पुन्हा लोखंड कापायला लागे.